माळ्यांचा संत फियाकर, आणि मुंबईच्या वाड्या



पहाटे चार-साडेचारच्या सुमारास दादर स्टेशनच्या पश्चिमेस उतरण्याचा प्रसंग आपणांपैकीं कित्येकांवर आला असेल. शहराचा डोळा अजून उघडलेला नसतो. परंतु स्टेशनबाहेरील फुलांचा बाजार मात्र त्यापूर्वींच गजबजून गेलेला असतो. झेंडूच्या राशी, शेवंतीचे ढीग, ओल्या फडक्यांत गुंडाळलेला मोगरा, आणि टोपल्यांतून निगुतीनें रचलेला सोनचाफा! हा चाफा पुष्कळदां वसईचा असतो. तो घेऊन येणारा माळी पहिल्या गाडीनें आलेला असतो, आणि त्याच्या सदऱ्याच्या गळ्याशीं कधीं कधीं एक लहानसा क्रूस लोंबतांना दिसतो. तासाभरानें तेंच फूल प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या मस्तकीं, नाहीं तर गिरगांवांतील एखाद्या देव्हाऱ्यांत जाऊन बसतें. घेणारा विचारीत नाहीं, देणारा सांगत नाहीं.

हें दृश्य मीं प्रथम पाहिलें तेव्हां माझ्या मनांत एक साधासा प्रश्न आला. आपल्याकडे माळ्यांना सावतोबा आहेत, कुंभारांना गोरोबा, सोनारांना नरहरि, शिंप्यांना नामदेव आणि न्हाव्यांना सेना महाराज. ज्याच्या हातीं जें साधन, त्याला त्या साधनाशीं परिचय असलेला एक संत आपल्या परंपरेनें देऊन ठेवला आहे. कॅथॉलिक पंथांतही ही रीत आहे. सुताराचा कैवारी जोसेफ, वैद्याचा लूक, मासे धरणाराचा पीटर. मग वसईच्या या बागवानाचा कैवारी कोण? शोध घेतां घेतां जें नांव हातीं लागलें तें फियाकर. आज त्याचीच हकीकत मी आपणांस सांगणार आहें. ती सांगतांना गाडी मधूनच गिरगांव-परळकडे वळेल, त्याबद्दल आधींच क्षमा मागून ठेवतों.

फियाकर हा मूळचा आयर्लंडचा. इसवी सनाच्या सातव्या शतकांत, म्हणजे आपल्याकडे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता आणि ह्युएनत्संग महाराष्ट्र पाहून गेला त्याच शतकांत, आयर्लंडांतून अनेक विरक्त साधु समुद्र ओलांडून युरोपच्या मुख्य भूमीवर उतरत. रोमन साम्राज्य मोडून गेलेलें, नगरें ओसरलेलीं आणि रानें पुनः माजलेलीं, असा तो काळ. या साधूंजवळ पोथी असे आणि झाडपाल्याचें ज्ञान असे. मठ म्हटला कीं त्याला लागून भाजीचा मळा आणि औषधी वनस्पतींचा वाफा असावयाचाच. स्वतःच्या हातांनीं पिकवावें, आपण खावें आणि आल्यागेल्यास घालावें, असा त्यांचा दंडक होता.

फियाकर आला तो पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या मो या गांवीं. तेथें फारो नांवाचा बिशप होता. त्याच्याजवळ फियाकरनें मागणें मागितलें तें एकांताचें. धन नव्हे, अधिकार नव्हे. फारोनें ब्रय येथील आपल्या मालकीच्या अरण्यांत त्याला जागा दिली. त्यानें तेथें झाडी तोडली, एक प्रार्थनामंदिर बांधलें, स्वतःसाठीं झोपडी घातली, आणि वाटसरूंसाठीं एक धर्मशाळा उभी केली. एकांत मागणाऱ्या मनुष्यानें धर्मशाळा बांधावी यांतच त्याचा सारा स्वभाव आला, असें मला वाटतें. पाहुणे येऊं लागले, त्यांच्यामागून रोगी येऊं लागले, आणि सर्वांना पुरेल इतकी भाजी निघण्यास जमीन कमी पडूं लागली. तेव्हां तो पुनः फारोकडे गेला.

येथून पुढें इतिहास संपतो आणि कथा सुरू होते. ही कथा लिहून ठेवली गेली ती फियाकरच्या मृत्यूनंतर कांहीं शतकांनीं, हें आपण विसरतां कामा नये. फारो म्हणाला, "एका दिवसांत तूं आपल्या हातांनीं जेवढ्या जमिनीभोंवतीं चर खणशील, तेवढी जमीन तुझी." फियाकरनें फावडें खांद्यावर टाकलें, जागेवर आला, आणि फावड्याचें टोंक जमिनीवर टेकवून तो नुसता चालूं लागला. तें टोंक जेथून जेथून गेलें तेथें तेथें माती आपोआप दुभंगली, वाटेंतील वृक्ष मुळांसकट उन्मळून बाजूस पडले, आणि दिवस मावळण्यापूर्वीं एवढा मोठा चर पडला कीं आंत मोठी बाग सहज मावावी. आपल्या पुराणांतील वामनाची आठवण कोणास होणार नाहीं? पण वामन बळीला पाताळांत घालण्यासाठीं पावलें टाकीत होता. हा बिचारा मुळ्या-कोबीला जागा करीत होता.

हा चमत्कार एका बाईनें पाहिला. कथेनें तिला बेकनोद असें नांव दिलें आहे. ती धांवत फारोकडे गेली आणि म्हणाली कीं, हा परका मनुष्य चेटक्या आहे. परत येऊन तिनें फियाकरला शिव्या घातल्या आणि काम थांबविण्यास बजावलें. खिन्न होऊन तो एका दगडावर बसला. आणि तो दगड, असें सांगतात, मेणासारखा मऊ होऊन त्याला बसण्याजोगा झाला. फारो आला, त्यानें तो चर पाहिला, तो दगड पाहिला, आणि हें चेटूक नसून ईश्वरी कृपा आहे असा निर्वाळा दिला. त्या दिवसापासून फियाकरनें आपल्या मंदिराच्या आवारांत स्त्रियांना बंदी केली.

कथा लिहिणारे सर्व मठांतील पुरुष होते, तेव्हां बेकनोदच्या वांट्याला दुष्टपणा आला यांत नवल नाहीं. मी मात्र तिचा थोडासा पक्ष घेणार आहें. त्या काळीं रान हें गांवाचें पोट असे. सरपण तेथून यावयाचें, डुकरें तेथें चरावयाचीं, कंदमुळें आणि मध तेथें मिळावयाचा. कागदोपत्रीं जमीन बिशपची. पण पिढ्यान् पिढ्या तेथें वावरणाऱ्या बायकांना ती आपलीच वाटत असली पाहिजे. एके दिवशीं एक परदेशी साधु येतो, फावडें ओढीत चालतो, आणि संध्याकाळपर्यंत रानाचा एक मोठा तुकडा कुंपणाआड जातो. या घटनेला बिशप चमत्कार म्हणेल, आणि मोळी आणणारी बाई चेटूक म्हणेल. हें माझें अनुमान आहे. त्याला पुरावा नाहीं. परंतु ज्या मुंबईंत आपण राहतों तिचा इतिहास वाचतांना ही बेकनोद मला वारंवार आठवते.

फियाकर सुमारें ६७० सालीं वारला. ३० ऑगस्ट हा त्याचा दिवस. आयर्लंडांत तो १ सप्टेंबरला पाळतात. त्याच्या समाधीस यात्रा भरूं लागली, त्या ठिकाणीं गांव वसलें, आणि त्या गांवाला त्याचेंच नांव पडलें. फ्रान्समधील माळ्यांच्या मंडळ्यांनीं त्याला आपला कैवारी मानलें. त्याच्या मूर्ति पाहाव्यात तों सर्वत्र एकच ध्यान: दाढी वाढलेला, झगा घातलेला साधु, एका हातांत ग्रंथ आणि दुसऱ्या हातांत फावडें. त्याच्या दिवशीं माळी लोक देवळांत भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या मांडीत, मिरवणूक काढीत. दगडावर बसण्याच्या कथेमुळें मूळव्याधीनें पीडलेलेही त्यालाच नवस बोलूं लागले. आपण हंसाल, पण लोकांची श्रद्धा दुखण्याच्या जागेची लाज बाळगीत नसते.

राजेरजवाडेही त्याच्या दारीं आले. इंग्लंडचा राजा पांचवा हेन्री फ्रान्समध्यें लढत असतां त्याच्या शिपायांनीं फियाकरचें स्थान लुटलें, आणि त्याचाच सूड म्हणून राजाला पोटाचा रोग जडला, असें फ्रेंच लोक सांगत. हेन्री मरण पावला तो ३१ ऑगस्ट १४२२ रोजीं, म्हणजे संताच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशीं. रोग छावणींतील अतिसाराचा होता. पण एवढी जुळलेली तारीख लोककथा थोडीच सोडते! पुढें धर्मयुद्धाच्या धामधुमींत, १५६८ सालीं, त्याच्या अस्थि मो येथील मुख्य चर्चमध्यें हलविण्यांत आल्या. सतराव्या शतकांत चौदाव्या लुईची माता, फ्रान्सची राणी ॲन, त्याच्या दर्शनास गेली. परंतु स्त्रियांस बंदी म्हणून ती मंदिराबाहेरच उभी राहिली. नऊ-दहा शतकें लोटलीं, तरी बेकनोदच्या शिव्यांची शिक्षा एका राणीलाही चुकली नाहीं.

सर्वांत गमतीचा वारसा मात्र निराळाच आहे. १६४० च्या सुमारास पॅरिसमध्यें सोव्हाज नांवाच्या गृहस्थानें घोडागाड्या भाड्यानें देण्याचा धंदा काढला. त्याच्या अड्ड्याचें नांव संत फियाकर. लोक त्या गाड्यांनाच फियाकर म्हणूं लागले. तो शब्द युरोपभर पसरला, आणि व्हिएन्ना शहरांत आजही घोडागाडीस तेंच नांव आहे. त्यामुळें हा पायीं चालणारा, फावडें ओढणारा साधु टॅक्सीवाल्यांचाही कैवारी होऊन बसला! आपल्या मुंबईंतील घोडागाडीला एका राणीचें नांव मिळालें होतें. २०१५ सालीं उच्च न्यायालयानें त्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या; आणि मरीन ड्राइव्हवर टापांचा आवाज करणारी ती गाडीही पाठोपाठ दिसेनाशी झाली.

ख्रिस्ती परंपरेंत माळी आणखीही आहेत. काळ्या समुद्राकांठच्या सिनोप गांवचा फोकस हा त्यांतील एक. त्याला मारण्यास आलेल्या शिपायांना न ओळखल्यासारखें करून त्यानें जेवूं घातलें, रात्रीं आपल्या बागेंत स्वतःची कबर खणून ठेवली, आणि सकाळीं त्यांना सांगितलें कीं, तुम्ही शोधतां तो मीच. खुद्द बायबलांत, पुनरुत्थानाच्या सकाळीं मग्दालिया मरिया कबरीजवळ उभ्या असलेल्या येशूला ओळखीत नाहीं. तिला वाटतें कीं हा बागेचा माळी असावा. पाश्चात्य चित्रकारांनीं हा प्रसंग रंगवितांना येशूच्या हातीं पुष्कळदां फावडें दिलें आहे.

आतां आपल्या सावतोबांकडे वळूं. सोलापूर जिल्ह्यांत, माढें तालुक्यांत मोडनिंबाजवळ अरण नांवाचें गांव आहे. तेथें १२५० च्या सुमारास सावता माळ्यांचा जन्म झाला, आणि १२९५ सालीं, आषाढ वद्य चतुर्दशीस, ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या एक वर्ष आधीं, त्यांनीं देह ठेविला. त्यांचे अभंग सदतीसच्या आसपासच काय ते उपलब्ध आहेत. ते काशिबा गुरव यांनीं उतरून घेतले असें मानतात. भाजीच्या वाफ्यांतील साध्यासुध्या जिनसांतच त्यांना आपला विठ्ठल भेटला, आणि म्हणून पंढरीची वाट चालण्याची त्यांना गरज भासली नाहीं. परंपरा सांगते कीं ते पंढरपुरास गेले नाहींत, तर देवच त्यांच्या मळ्यांत आला. आजही आषाढ वद्यांत पांडुरंगाची पालखी अरणास येते. सर्व संतांच्या पालख्या पंढरीकडे जातात. ही एक पालखी उलट दिशेनें निघते.

दोन्हीं संतांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. एकानें जमीन मागून घेतली, दुसऱ्याच्या घरीं ती आजोबा-पणजोबांपासून होती. एकाचें फावडें चमत्कार करतें. दुसऱ्याची मोट रोजच्यासारखीच कुरकुरते, आणि चमत्कार काय तो देवाला येऊन करावा लागतो. फियाकरची बाग कुंपणाची आहे, सावतोबांचा मळा वाटेवरचा आहे. तरीही दोघांचें एका गोष्टींत विलक्षण साम्य आहे: काम बाजूस ठेवून भक्ति करावी, हें दोघांनाही मान्य नव्हतें.

आतां मुंबई. गिरगांवांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांच्या जिभेवर वाड्यांचीं नांवें असतात: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, जांभूळवाडी. त्यांना जोडून मुगभाट आणि बोरभाट. कोंकणी भाषेंत माडांच्या बागेस आजही भाट म्हणतात. पोर्तुगीज लोक बागेस 'होर्ता' म्हणत. इंग्रजांनीं त्याचें 'ओर्ट' केलें, आणि पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या दस्तऐवजांत नारळीच्या बागेला हाच शब्द येतो. म्हणजे फियाकरच्या मळ्याला लॅटिनमध्यें जो शब्द लागला असता, त्याचाच नातू गिरगांवच्या खरेदीखतांत येऊन बसला होता. या ओर्टांत माड, केळी, पोफळी असत. भंडारी माड काढीत. विहिरीवर रहाट चाले. परळ हें नांवही पाडळ वृक्षावरून आलें, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. चिंचपोकळींत चिंच आहे, ताडदेवांत ताड आहे, आणि लालबाग तर उघड उघड बागच आहे. नांवांतील झाड मात्र नांवांतच राहिलें.

या बेटावर बाग असलेल्या एका जुन्या पुरुषाची कहाणी येथें सांगितलीच पाहिजे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं पोर्तुगालच्या राजानें त्याला मुंबईचें बेट खंडानें दिलें. त्याच्या आडनांवांतच होर्ता ऐकूं येतो, हा निव्वळ योगायोग. पण गोड योगायोग आहे. येथील वनस्पति आणि औषधें यांवर त्यानें संवादरूपानें जो ग्रंथ लिहिला, तो १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत तो आपल्या मुंबईच्या जागेंतील एका आंब्याचा मोठ्या कौतुकानें उल्लेख करतो; तो आंबा वर्षांतून दोनदां फळ देई. ओर्ता १५६८ सालीं वारला. तो जन्मानें ज्यू कुळांतला होता आणि त्यानें आंतून जुना धर्म सोडलेला नव्हता, असा ठपका ठेवून गोव्याच्या धर्मन्यायालयानें १५८० सालीं त्याच्या अस्थि उकरून जाळल्या. त्याच्या बहिणीला तर १५६९ सालींच जिवंत जाळण्यांत आलें होतें. माळ्यांना संत देणारा पंथ तोच, आणि मुंबईच्या आंब्याचें कौतुक करणाऱ्याचीं हाडें जाळणाराही तोच. इतिहास लिहिणारानें यांपैकीं एकही पान फाडूं नये.

परळचीही कथा पाहण्यासारखी आहे. तेथें जेझुइट साधूंचें चर्च आणि त्याला लागून जमीनजुमला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईस आलेल्या फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें त्याचा उल्लेख केला आहे. १७२० च्या सुमारास इंग्रजांनीं ती मालमत्ता जप्त केली, आणि साधूंच्या निवासाचा गव्हर्नरसाहेबांचा बंगला झाला. बागेंत मेजवान्या झडूं लागल्या. पुढें भोंवतालीं गिरण्या उठल्या, हवा बिघडली. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्याच बंगल्यांत पटकीनें वारली, आणि गव्हर्नरांनीं परळ सोडून मलबार हिल गांठलें. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग शिरला, आणि १८९९ सालीं याच वास्तूंत वाल्डेमार हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. साधूंच्या मठाबरोबर दवाखाना असावा, हा फियाकरचा दंडक परळास शेंकडों वर्षांनीं असा अनपेक्षितपणें पाळला गेला.

शिवडीस याच्या उलट झालें. तेथें शेतकी व बागाईत संस्थेची वनस्पतींची बाग होती. १८६५ च्या सुमारास त्या जागेवर ख्रिस्ती दफनभूमि करण्यांत आली. बागेचा संसार भायखळ्यास हलला, आणि १८६२ सालीं उघडलेल्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्यें, म्हणजे आपल्या राणीच्या बागेंत, आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, तो नांदूं लागला. शिवडीच्या त्या दफनभूमींत आजही मोठमोठे जुने वृक्ष आहेत, आणि तेथें फिरतांना फोकसनें आपल्याच बागेंत खणलेली कबर मला आठवल्याशिवाय राहात नाहीं.

ज्यांच्या हातांनीं ही मुंबई बागेची होती, ते गेले कोठें? जमिनीचे भाव चढले, ओर्टांचे भाग पडले, माड तुटले, चाळी उठल्या. खोताची वाडी मात्र कांहीं काळ निराळी राहिली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनीं लांकडी सज्जांचीं कौलारू घरें बांधलीं. एके काळीं तीं साठांच्या वर होतीं. आज त्यांच्या निम्मींही उरलेलीं नाहींत. एक मोठा भाग गिरणींत शिरला. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः फुलमाळी समाजांतले, जोतीराव फुले यांचे सहकारी. कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून ते झगडले, आणि १८९० सालीं ती रविवारची सुटी मिळाली. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, म्हणून ती सुटी आली असें पुष्कळांस वाटतें. लोखंडे यांनीं मात्र तो खंडोबाचा वार म्हणून मागितला होता.

बाग गेली, तरी मुंबईला फुलें लागतच होतीं. तीं वसईहून येऊं लागलीं. वसईस विहिरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या वाड्या होत्या, आणि वाडवळ व सामवेदी हे तेथील मुरब्बी बागाईतदार. पोर्तुगीज अमदानींत त्यांच्यांतील कांहीं ख्रिस्ती झाले, कांहीं हिंदु राहिले. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तरी बागा ज्यांच्या त्यांच्याकडेच राहिल्या. धर्म बदलला, पण केळीचा खुंट लावण्याची रीत बदलली नाहीं. राजेळीं केळीं सुकवून केलेली सुकेळीं, विड्याचीं पानें, वांगीं, चाफा, हा माल दोघांच्याही वाडींत सारखाच. भाताच्या पहिल्या लोंब्या देवळांत नेऊन त्यांवर आशीर्वाद घेण्याचा आगेरा नांवाचा सण ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं करतात. आपल्याकडील नवान्नाच्या सणाचा तो सख्खा भाऊच म्हणावा.

माझ्या लहानपणीं गिरगांवांतील आमच्या चाळींत रोज सकाळीं फुलपुडी येई. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकविलेली असे. पानांत गुंडाळून दोऱ्यानें बांधलेली पुडी माळी तींत टाकून जाई. तगर, जास्वंद, चार दुर्वा, एक तुळशीचें पान आणि आजीच्या आवडीचा एक चाफा. आजी कडक सोंवळ्याची. एका शुक्रवारीं पुडी आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं शेजारणीनें सांगितलें कीं, तो माळी वसईचा किरिस्तांव आहे, आणि काल त्यांचा मोठा उपासाचा दिवस होता. आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें पिशवी काढून घेतली, आणि दोन दिवस माझ्याकडून बाजारांतून फुलें मागविलीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे मी उठलों तों पिशवी पुनः कडीला लागलेली, आणि आजी स्वतः दारांत उभी. माळी आला. आजीनें विचारलें, "काय रे, उपास सुटला का तुझा?" तो म्हणाला, "होय आजी, रविवारीं सुटला." तिनें पुडी हातांत घेतली, नेहमींप्रमाणें तिच्यावर पाणी शिंपडलें, आणि ती देवघरांत गेली. या गोष्टीचा उल्लेख तिनें पुनः कधींही केला नाहीं.

२०२५ सालीं गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्यामुळें फियाकरचा ३० ऑगस्ट ऐन गणेशोत्सवांत आला. त्या पहाटे मी दादरच्या बाजारांत मुद्दाम गेलों. पत्री, दुर्वांच्या जुड्या, केवडा, कमळें यांनीं पाय ठेवण्यास जागा नव्हती. लालबाग-परळच्या मंडळांचीं मुलें हारांचे भारे खांद्यावर टाकून धांवत होतीं. सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन बसलेल्या वसईच्या एका वृद्ध बागाईतदाराशीं मीं बोलणें काढलें. आज माळ्यांच्या संताचा दिवस आहे, असें सांगून फियाकरची कथा चार वाक्यांत ऐकविली. त्यानें हें नांव ऐकलेलें नव्हतें. त्यांच्या वाडींत विहिरीपाशीं क्रूस आहे, आणि घरांत संत अँथनी आहे, असें तो म्हणाला. मग गिऱ्हाइकाला चाफा मोजून देतां देतां त्यानें मला विचारलें, "तो फुलं लावायचा की भाजी?"

भाजीच अधिक, मीं म्हटलें.

"मग तो आमच्या धाकट्या भावाचा," म्हातारा म्हणाला, "तो वांगी लावतो," आणि पुढच्या टोपलीवरचें ओलें फडकें त्यानें बाजूस सारलें.